रडलेलं बाळ शोधनिबंधात कुठे जातं?

सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसलं आहे. खोलीत मंद उजेड, समोर पडदा, पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र. पडद्याखालचा कॅमेरा बाळाच्या डोळ्यांवर रोखलेला. आईच्या कानांवर हेडफोन आहेत आणि त्यांत मोठ्याने गाणी लावली आहेत, कारण बाळाला जे ऐकू येणार आहे ते तिला कळता कामा नये. कळलं, तर तिचं अंग नकळत ताठरेल किंवा सैलावेल, आणि बाळाला तेवढा इशारा पुरतो. आवाज सुरू होतो. एक बाई लाडिक सुरात काहीतरी बोलते आहे. बाळ पडद्याकडे पाहतं, नजर काढून घेतं, आवाज थांबतो. मग पुन्हा तीच बाई, पण आता मोठ्या माणसाशी बोलावं तशी. बाळ पुन्हा पाहतं. असं सहा वेळा होतं. सातव्या वेळी ते पाठीची कमान करतं, ओठ काढतं आणि भोकाड पसरतं.

लगेच दिवे लागतात, प्रयोग थांबतो. आईचे आभार मानले जातात. नोंदवहीत एक ओळ पडते: रडल्यामुळे अपूर्ण.

पुढे वर्ष-दीड वर्षाने हा अभ्यास एखाद्या जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनपत्रिकेत, छापून येतो. त्यात 'सहभागी' नावाचा एक छोटा भाग असतो. अभ्यासात किती बाळं होती ते तिथे लिहिलेलं असतं, आणि त्याखाली एक वाक्य: आणखी इतकी बाळं रडल्यामुळे, झोपी गेल्यामुळे, आईने मध्येच बोलल्यामुळे किंवा यंत्र बिघडल्यामुळे वगळली. बहुतेक वाचक या वाक्यावरून पुढे सरकतात. बालविकासाचं संशोधन समजून घ्यायचं असेल तर मी याच वाक्यापासून सुरुवात करायला सांगेन. 'बाळांना अमुक कळतं', 'मुलांना तमुक केलं की फायदा होतो' असं आपण वाचतो, ते एका लांबलचक चाळणीतून खाली आलेलं असतं. चाळणीत काय अडकून राहिलं ते पाहिल्याशिवाय खाली काय आलं ते नीट कळत नाही.

आधी बाळाचा आकडा कसा होतो ते पाहू. सात महिन्यांच्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही. पण ते कशाकडे किती वेळ पाहतं, हे मोजता येतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट फॅन्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही साधी युक्ती पद्धतशीरपणे वापरली. बाळासमोर दोन चित्रं ठेवायची आणि नजर कुठे जास्त रेंगाळते ते पाहायचं. तिथून पुढे 'पाहण्याचा वेळ' हेच बाळाच्या मनात डोकावण्याचं मुख्य साधन बनलं. आजही पुष्कळ प्रयोगांत माणसं बसून व्हिडिओ चौकटी-चौकटीने पाहतात आणि बाळाची नजर कधी वळली ते नोंदवतात. कोणता आवाज चालू होता हे त्यांना सांगितलेलं नसतं, म्हणजे मनातली अपेक्षा आकड्यात उतरत नाही. काही व्हिडिओ दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे पुन्हा पाहते आणि दोघांच्या नोंदी जुळतात का ते तपासलं जातं.

एवढं करून हाती काय येतं? काही सेकंद. या आवाजाला सरासरी आठ, त्या आवाजाला सहा. त्या दोन सेकंदांवर 'बाळाला लाडिक बोलणं आवडतं' हे वाक्य उभं राहतं. 'जास्त वेळ पाहिलं' आणि 'आवडतं' यांच्यात एक उडी आहे, आणि ती संशोधकाने मारलेली असते. बाळ आवडलं म्हणून पाहत असेल, नवल वाटलं म्हणून, किंवा नजर सोडवता येत नाही म्हणूनही.

हे सगळं सुरू होण्याआधीच एक परवानगी लागते. संशोधनसंस्थेतली नैतिकता समिती प्रयोगाचा आराखडा तपासते. मुलाला कसलाही त्रास होणार नाही ना, आईवडिलांना समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं आहे ना, मध्येच उठून जायची मोकळीक आहे ना. ही मंजुरी नसेल तर चांगली जर्नल्स पेपर, म्हणजे शोधनिबंध, घेतच नाहीत. पूर्वी असं नव्हतं. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 'अल्बर्ट' नावाने ओळखल्या गेलेल्या जेमतेम अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी सळीवर हातोडा मारला. असं वारंवार करून त्याला उंदराची भीती घातली आणि ती घालवण्याआधीच प्रयोग संपवला. हा पेपर छापला गेला आणि पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. आज तो कुठल्याही समितीच्या दारातून आत येणार नाही.

संमती देतात आईवडील. पण जरा मोठ्या, बोलत्या मुलाला त्याच्या भाषेत 'खेळशील का?' असं विचारलं जातं, आणि त्याने नाही म्हटलं की ते नाहीच. बोलता न येणाऱ्या बाळाचा नकार ओळखावा लागतो. मान फिरवणं, पाठीची कमान, भोकाड. आपल्या गोष्टीतल्या बाळाने सातव्या वेळी नकारच दिला होता आणि तो ताबडतोब मानला गेला. प्रयोग अपूर्ण राहिला, तरी ते काम योग्यच झालं.

आता पेपर. माहिती गोळा झाली, आकडेमोड झाली, लेखन झालं, की तो एका जर्नलकडे जातो. एका वेळी एकाच, हा पक्का संकेत आहे. या क्षेत्रातलं 'चाइल्ड डेव्हलपमेंट' हे जर्नल १९३० पासून निघतं; 'डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी', 'डेव्हलपमेंटल सायन्स', 'इन्फन्सी' ही आणखी काही ठळक नावं. आधी संपादक पेपर चाळतात. विषय जर्नलच्या कक्षेत नसेल किंवा मांडणीत उघड खोट असेल, तर तो तिथूनच परत येतो. पुढे गेला, तर बहुधा दोन किंवा तीन समीक्षकांकडे जातो. हे त्याच विषयात काम करणारे इतर संशोधक असतात. या कामाचे त्यांना सहसा पैसे मिळत नाहीत. आपलं शिकवणं आणि संशोधन सांभाळून ते हे करतात. लेखकांना समीक्षकांची नावं कळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी समीक्षकांपासूनही लेखकांची नावं लपवलेली असतात, म्हणजे मोठ्या नावाला वेगळा न्याय लागू नये.

समीक्षा म्हणजे नेमकं काय, हे एका नमुन्यावरून कळेल. समजा, समीक्षकाने लिहिलं: 'लेखकांनी ११ बाळं वगळली आहेत. त्यांपैकी ८ रडली ती एकाच आवाजाच्या वेळी. तो आवाजच बाळांना नकोसा वाटत असेल, तर उरलेल्या बाळांवरून काढलेला निष्कर्ष कितपत टिकतो?' प्रश्न चार ओळींचा, पण तो पेपरच्या मुळाशी हात घालतो. लेखकांना पुन्हा नोंदी काढाव्या लागतात, कोण कधी रडलं ते मोजावं लागतं, रडण्याआधीचा भाग धरून आकडेमोड नव्याने करावी लागते. मग उत्तराचं पत्र जातं. त्यात समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा, त्याखाली उत्तर, आणि पेपरात कोणत्या पानावर काय बदललं ते. अशा एक-दोन, कधी तीन फेऱ्या होतात. सरळ स्वीकार क्वचितच होतो. 'बरेच बदल करून पुन्हा पाठवा' असं आलं, तर ती चांगली बातमी समजतात. नाकारला गेला तर पेपर दुसऱ्या जर्नलकडे जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

चांगली समीक्षा पेपर खरोखर सुधारते, असं मला मनापासून वाटतं. पण तिची मर्यादाही ठाऊक असावी. समीक्षक समोर ठेवलेलं वाचतात. प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. मूळ व्हिडिओही सहसा पाहत नाहीत. 'समीक्षा झालेला पेपर' याचा अर्थ जाणत्या लोकांनी वाचून ढोबळ चुका काढल्या, एवढाच. १९९८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये अवघ्या १२ मुलांवरचा एक पेपर आला. अँड्र्यू वेकफिल्ड त्याचे मुख्य लेखक. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध त्याने सुचवला आणि अनेक देशांत पालक लसीला घाबरले. त्यानंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही. 'द लॅन्सेट'ने तो पेपर मागे घेतला २०१० साली, म्हणजे १२ वर्षांनी. मधल्या काळात ज्या मुलांना लस मिळाली नाही, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती वेळेत पोचली नाही.

कपाटात राहिलेले पेपर

चाळणीत अडकणाऱ्यांत रडलेली बाळं आहेत, तसे संपूर्ण अभ्यासही आहेत. दोन प्रयोगशाळांनी एकच प्रश्न तपासला असं समजू. एकीला फरक दिसला, दुसरीला दिसला नाही. पहिलीचा पेपर छापून येण्याची शक्यता फार जास्त. 'काही सापडलं नाही' ही बातमी होत नाही. संपादकांना ती नको असते आणि बहुतेकदा लेखकच ती पाठवत नाहीत. तो अभ्यास कपाटात जातो. रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ साली या अडचणीला 'फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम' असं नाव दिलं. कपाटाबाहेरचे पेपर तेवढे वाचले, की परिणाम प्रत्यक्षात आहे त्याहून मोठा आणि पक्का वाटू लागतो.

इथे आकडेवारीचा एक रिवाज समजून घ्यावा लागेल. बाळांना मुळात दोन आवाजांत काहीच फरक वाटत नाही असं धरा. तरीही, नाणं सलग पाच वेळा छापा पडावं तसा, निव्वळ योगायोगाने आकड्यांत फरक दिसू शकतो. म्हणून संशोधक विचारतात: खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती ५ टक्क्यांहून कमी असली, की निकाल 'लक्षणीय' म्हणायचा. ही रेघ माणसांनी ठरवलेली आहे, आणि पेपर छापण्याची आशा तिच्यावर टांगलेली असते.

मग मोह होतो, आणि बाळांवरच्या अभ्यासात मोहाला जागा फार. बाळं मिळवणं अवघड, म्हणून अभ्यास लहान. वीस-तीस बाळांचे कितीतरी. निकाल रेघेच्या जरा अलीकडे राहिला, की 'आणखी चार बाळं घेऊन पाहू' असं वाटतं. एखाद्या बाळाने फार विचित्र आकडा दिला, की 'ते चिडचिडं होतं, वगळू' असं वाटतं. किती रडलं म्हणजे रडलं? किरकिर धरायची की भोकाडच? हा निर्णय निकाल पाहिल्यानंतर घेतला, तर तो नकळत आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतो. यात लबाडीच असते असं नाही. प्रामाणिक माणूसही स्वतःला असं समजावू शकतो, म्हणून ही गोष्ट जास्त अवघड.

यावर निघालेला एक उपाय मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. त्यात आधी आराखडा लिहायचा: प्रश्न काय, बाळं किती, कुणाला कशामुळे वगळणार, आकडेमोड कशी करणार. एकही बाळ प्रयोगशाळेत येण्याआधी हा आराखडा जर्नलकडे जातो, समीक्षा होते, आणि पटला तर जर्नल शब्द देतं की ठरल्याप्रमाणे काम केलंत तर निकाल काहीही येवो, आम्ही छापू. याला 'रजिस्टर्ड रिपोर्ट' म्हणतात. २०१३ मध्ये 'कॉर्टेक्स' या जर्नलने ही वाट घालून दिली आणि नंतर कितीतरी जर्नल्सनी ती स्वीकारली. 'काही सापडलं नाही' हा निकालही मग कपाटाबाहेर येऊ शकतो.

कोणाची मुलं?

सर्वांत मोठी गळती मात्र प्रयोगशाळेचं दार उघडण्याआधीच झालेली असते. दिवसाढवळ्या बाळाला घेऊन विद्यापीठात यायला सवड कुणाला असते? विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या, शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांना. मार्क नीलसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली या क्षेत्रातल्या तीन आघाडीच्या जर्नल्समधले २००६ ते २०१० चे पेपर तपासले. सहभागी मुलांचा फार मोठा हिस्सा पाश्चात्त्य, सुबत्ता असलेल्या देशांतला निघाला. आशिया, आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, मध्यपूर्व हे सगळे मिळून ३ टक्क्यांहूनही कमी. जगातली बहुतांश मुलं तर तिथेच वाढतात.

याने काय बिघडतं? चार्ल्स सुपर यांनी १९७० च्या दशकात केनियातल्या किपसिगिस समाजातली बाळं पाहिली. ती अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसत आणि लवकर चालत. ही बाळं जन्मतःच पुढे असतात, असं म्हणून कुणी मोकळं झालं असतं. पण सुपर यांनी घरांत काय चालतं ते पाहिलं. आया बाळांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवत होत्या, रोज सराव करून घेत होत्या. आणि रांगणं, जे तिथे कुणी तसं शिकवत नव्हतं, त्यात ही बाळं पुढे नव्हती. 'बाळ कितव्या महिन्यात बसतं' या प्रश्नाच्या उत्तरात घरातली माणसंही असतात. एकाच तऱ्हेच्या घरांतली बाळं मोजली, तर त्या घरांची रीत आपण निसर्गाच्या नावावर खपवतो.

मार्शमॅलोच्या, म्हणजे एका मऊ गोड खाऊच्या, प्रयोगाचंही असंच झालं. वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांसमोर खाऊ ठेवला: आत्ता खाल्लास तर हा एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. १९९० साली छापलेल्या पाठपुराव्यात दिसलं, की ठरावीक परिस्थितीत जी मुलं जास्त थांबली, त्यांचे पुढे परीक्षेतले गुणही चांगले होते. मुलं एकाच विद्यापीठाच्या परिघातली आणि संख्येने थोडी. पण बाहेर गोष्ट पसरली ती 'संयम शिकवा, मूल यशस्वी होईल' अशी. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून अधिक, कितीतरी वेगवेगळ्या परिस्थितींतल्या मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण जवळपास निम्म्या ताकदीचा. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश भाग ओसरला. घरात खाऊ कधी असतो, कधी नसतो, मोठ्यांनी दिलेला शब्द पाळला जाईल याची खात्री नाही, अशा मुलाने समोरचा खाऊ लगेच उचलला तर त्याला संयम नाही असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. काही जर्नल्स वाचकाकडून पैसे घेतात. काही लेखकाकडून घेतात आणि पेपर सर्वांना मोफत वाचायला ठेवतात. दुसरी पद्धत वाचकाच्या सोयीची, पण तिच्या आडोशाला समीक्षा न करता पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही उगवली आहेत. 'चार दिवसांत छापून देऊ' असं कुणी म्हणालं, की सावध व्हावं.

नियम बदलला तेव्हा

लाडिक बोलण्याचा प्रश्न तेवढा राहिला. बाळांना तसा सूर जास्त खेचून घेतो, हे अनेक लहान अभ्यासांत छापून आलं होतं. सगळे एकत्र केले तर परिणाम बराच मोठा दिसायचा. पण त्यांपैकी खरं किती, आणि कपाटातल्या पेपरांमुळे फुगलेलं किती? स्टॅनफर्डचे मायकेल फ्रँक आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी 'मेनीबेबीज' नावाने एकत्र येऊन हाच प्रश्न तपासायचं ठरवलं. सगळीकडे तेच आवाज, तेच नियम, आराखडा आधी समीक्षेतून गेलेला. ६७ प्रयोगशाळा, २,३२९ बाळं. पेपर २०२० साली आला. लाडिक सुराकडे बाळांचा ओढा खरा निघाला, पण आधीच्या अभ्यासांवरून वाटलं होतं त्याच्या साधारण निम्मा. मोठ्या बाळांत तो जास्त होता. ध्वनिमुद्रण उत्तर अमेरिकन इंग्रजीतलं होतं, आणि घरी तीच भाषा ऐकणाऱ्या बाळांतही जास्त. प्रयोगाची पद्धत बदलली, की आकडाही बदलत होता.

त्या आराखड्यात बाळं वगळण्याचे नियमही आधीच लिहिलेले होते. सगळ्या फेऱ्या पूर्ण करण्याची अट नव्हती. लाडिक सुराची एक आणि साध्या सुराची एक, अशी जोडीतली एक-एक फेरी बाळाने पाहिली असली, तरी त्याची नोंद धरली जाणार होती.

आपलं बाळ सहा फेऱ्या पाहून मग रडलं होतं. या नियमाने ते मोजलं जातं.